बांधातली चोरवाट

पत्र असं आहे:

"डॉक्टरबाई, स. न. वि. वि. आम्ही सोलापूर जिल्ह्यातले. थोडी बागायत, बाकी जिरायत. थोरला मुलगा २१ वर्षांचा, दोन वर्षं पोलीस भरतीच्या मागे आहे. रोज पहाटे पाचला पळायला जातो. गेल्या महिन्यात १६०० मीटरच्या तिसऱ्या फेरीला त्याची छाती एकदम धडधडायला लागली. खाली बसला तरी थांबेना. वीसेक मिनिटांनी मित्राने गार पाण्याची बाटली दिली, दोन घोट प्यायला आणि बटण बंद करावं तसं थांबलं. मग कबूल झाला की बारावीपासून चार-पाच वेळा असं झालंय. तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून त्यावर 'डब्ल्यूपीडब्ल्यू' लिहिलं. इको नॉर्मल आहे. म्हणाले, हृदयात एक जादा नस आहे, जन्मापासूनची आहे, पुण्याला जाऊन जाळून घ्या. 'जाळायचं' म्हटल्यावर माझ्या पायातलं बळच गेलं.

सासूबाई म्हणतात, पोटात असताना तू ग्रहण पाळलं नाहीस, त्याचं हे. तेव्हा मी खरंच विळीवर भाजी चिरली होती. सासऱ्यांचे ठोकेही बेताल आहेत, त्यांना रक्त पातळ व्हायची गोळी आहे. मग हे घराण्यातलं आहे का? जाऊबाईंच्या इकोतही 'फॉल्स टेंडन' का काहीतरी आलंय. मुलगा म्हणतो, आधी भरती होऊ दे, मग बघू, कुणाला सांगू नका. मी काय करू? नाव-गाव छापू नये."

ताई,

आधी त्या विळीचं उरकून टाकू. तुम्ही भाजी चिरली म्हणून काहीही झालेलं नाही. गर्भाचं हृदय आकार घेतं तेव्हा ते सुरुवातीला एकाच स्नायूची अखंड नळी असतं. पुढे तिचे वरचे दोन आणि खालचे दोन असे कप्पे होतात, आणि वरचा मजला नि खालचा मजला यांच्यामध्ये पांढऱ्या चिवट धाग्यांचं कडं तयार होतं. ते कडं होताना वरचा स्नायू खालच्यापासून सुटा व्हावा लागतो. बहुतेकांचा होतो. हजारात एक ते तीन माणसांत मात्र स्नायूचा एखादा धागा तुटायचा राहून जातो. आई काय जेवली, कुठे बसली, आकाशात काय चाललं होतं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुमचं एकवीस वर्षांचं ओझं या एका परिच्छेदाने उतरणार नाही हे मला कळतं. तरी सासूबाईंना हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा.

आता ती 'जादा नस'. आपल्याकडे नस म्हटलं की रक्ताची शीर की मज्जातंतू, याचा पत्ता लागत नाही. तुमच्या मुलाच्या हृदयात जे आहे ते दोन्ही नाही. तो हृदयाच्याच मांसाचा, म्हणजे स्नायूचा, बारीक धागा आहे. जाडी बहुतेक वेळा एक-दोन मिलिमीटर किंवा त्याहून कमी. इतका बारीक असल्यामुळे तो इकोत दिसत नाही, आणि म्हणून इको नॉर्मल आला. तो अहवाल खोटा नाही आणि ईसीजीही खोटा नाही. इको हृदयाची इमारत दाखवतो, ईसीजी त्यातली वीज.

तुम्ही बागायतदार आहात, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगते. एक वरचं वावर, एक खालचं वावर, मधे बांध. बांधाला एकच दार, आणि त्या दारावर दारं धरणारा एक शहाणा माणूस. वरून पाणी आलं की तो लगेच सोडत नाही, क्षणभर अडवतो. हृदयात वरच्या कप्प्यांत (शाळेच्या पुस्तकातल्या कर्णिका) विजेची लाट उठते, मधलं पांढरं कडं तिला पुढे जाऊ देत नाही, आणि एका ठिकाणी असलेली 'एव्ही नोड' नावाची गाठ तिला सेकंदाचा जवळपास दहावा हिस्सा थोपवून मगच खाली सोडते. तेवढ्या वेळात वरचे कप्पे आपलं रक्त खाली ओतून मोकळे होतात. ही गाठ सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरने जर्मनीतल्या मारबुर्गला काम करताना शोधली आणि १९०६ साली पुस्तकात मांडली. गाठीच्या खालचा जो एकमेव रस्ता, त्याला 'हिसचं जुडगं' म्हणतात. ते विल्हेल्म हिस यांनी १८९३ साली दाखवलं होतं.

गंमत अशी की त्याच १८९३ साली इंग्लंडमध्ये स्टॅन्ली केंट यांनीही वरच्या-खालच्या कप्प्यांना जोडणारे स्नायूंचे पूल पाहिले आणि निरोगी हृदयात असे पूल अनेक असतात असं मानलं. म्हणजे अपवादाला त्यांनी नियम समजलं. तरी नाव राहिलंच. जुन्या डॉक्टरांच्या केसपेपरवर अजूनही 'बंडल ऑफ केंट' लिहिलेलं सापडतं. तुमच्याही फाइलमध्ये दिसलं तर हा वेगळा आजार आणखी कुठून आला म्हणून घाबरू नका.

तर मुलाच्या बांधाला दाराशिवाय आणखी एक वाट आहे. खेकड्याने पोखरावं तशी. त्या वाटेवर दारं धरणारा कुणी नाही, लाट थांबत नाही. म्हणून दर ठोक्याला थोडी वीज चोरवाटेने आधी पोचते आणि खालच्या कप्प्याचा एक कोपरा वेळेआधीच जागा होतो. बाकीचा भाग रीतसर दारातून आलेल्या लाटेने.

हे तुम्हाला कागदावर दिसेल. तो ईसीजी काढा. गुलाबी कागदावर बारीक चौकटी आहेत, आडव्या मोजल्या तर एक चौकट म्हणजे सेकंदाचे ०.०४. प्रत्येक ठोक्यात आधी एक छोटी टेकडी येते आणि मग उंच सुळका (डॉक्टरांच्या भाषेत 'क्यूआरएस'). टेकडी सुरू झाल्यापासून सुळका सुरू होईपर्यंत एरवी तीन ते पाच चौकटी जातात. मुलाच्या कागदावर तीनापेक्षा कमी असतील. आणि सुळका सरळ वर न चढता पायथ्याशी तिरपा सुरू झालेला दिसेल, घाटाला लागण्याआधी रस्त्याने हळूच चढ घ्यावा तसा. त्या तिरप्या चढाला डेल्टा वेव्ह म्हणतात. सगळ्या ओळींत तो सारखा ठळक नसतो, पण एखाद-दोन ओळींत तुम्हालाही ओळखता येईल.

आता 'डब्ल्यूपीडब्ल्यू' ही अक्षरं. ती वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांची. वुल्फ आणि व्हाइट अमेरिकेत बोस्टनला, पार्किन्सन लंडनला. १९३० साली तिघांनी मिळून अकरा माणसांची हकीकत छापली. सगळी तरुण, एरवी ठणठणीत, अधूनमधून धडधडीने हैराण. त्यांतल्या ज्या रुग्णापासून ही गोष्ट सुरू झाली तो पस्तिशीचा व्यायामशिक्षक होता! त्याला जिने चढ-उतार करायला लावून पुन्हा ईसीजी काढला, तर तो चक्क नॉर्मल आला. हे मी उगाच सांगत नाही. तुमचा मुलगा दुबळ्या काळजाचा आहे म्हणून त्याला हे झालं, असं कुणी म्हणालं तर त्या व्यायामशिक्षकाची आठवण ठेवा. दुसरं म्हणजे, पळताना दारावरचा माणूस झपाट्याने पाणी सोडतो, चोरवाट मागे पडते आणि कागद सुधारल्यासारखा दिसतो. तेव्हा उद्या दुसरीकडे कुठे ईसीजी काढला आणि 'काही नाही, नॉर्मल आहे' असं सांगितलं, तर बरं झालं असं धरून घरी येऊ नका. पहिला कागद दाखवा.

धडधड कशी होते ते सांगायचं तर बांधाचा दाखला इथे लंगडा पडतो, कारण पाणी उलटं चढत नाही आणि वीज चढते. एखादा आगंतुक ठोका नको त्या क्षणी पडला की लाट दारातून खाली येते, चोरवाटेने परत वर जाते, पुन्हा दारातून खाली, पुन्हा वर. रहाटासारखं फिरत राहतं. मिनिटाला दीडशेपासून अडीचशेपर्यंत ठोके. रहाट सुरू होतो एका झटक्यात आणि मोडतोही एका झटक्यात, कारण कडीतला एक दुवा क्षणभर अडला की संपलं. गार पाण्याच्या घोटाने नेमकं तेच झालं. घशाकडून दारावरच्या माणसाला दटावणी मिळाली, त्याने क्षणभर दार लावलं. पत्रात तुम्ही 'बटण बंद करावं तसं' लिहिलंत ना, ते चार शब्द निदानासाठी निम्मे पुरेसे आहेत. घाबरून होणारी धडधड अशी थांबत नाही, ती हळूहळू ओसरते.

पुन्हा असं झालं तर काय करायचं? पळणं जागच्या जागी थांबवायचं आणि अर्धवट रेलून बसायचं. १० मिलीची नवी, सुई नसलेली सिरिंज घ्या. तिच्या तोंडात फुंकर मारून आतला दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं आणि लगेच मित्रांनी त्याला आडवं करून दोन्ही पाय वर धरायचे, आणखी १५ सेकंद. इंग्लंडमध्ये ही युक्ती रीतसर तपासून २०१५ साली निकाल छापला. नुसतं फुंकून १७ टक्के लोकांची धडधड थांबली, पाय उचलल्याने ४३ टक्क्यांची. औषध नाही, खर्च नाही. त्याच्या पळणाऱ्या टोळीतल्या दोन-तीन पोरांना आधीच शिकवून ठेवा, एकदा तालीम करून घ्या. डोळ्यांची बुबुळं दाबायची जी जुनी रीत आहे ती मात्र कुणाला करू देऊ नका, त्याने डोळा जायचा. मान चोळणंही घरच्यांचं काम नव्हे.

दोन-तीनदा करूनही थांबलं नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं, किंवा ठोके वेगवान असून वर बेतालही लागले, तर सिरिंज ठेवून द्या आणि सरळ दवाखाना गाठा.

बेताल ठोक्यांवर मी का अडते ते सांगते. शिकाऊ असतानाची एक रात्र आहे, गाव आणि रुग्णालय सांगत नाही. एका तरुणाला स्ट्रेचरवरून आणलं. घामाने चिंब, नाडी इतकी वेगात की बोटाखाली मोजता येईना. धडधड आहे म्हटल्यावर मी सवयीने ठोके कमी करणारं इंजेक्शन भरायला घेतलं. वरिष्ठ बाई मागून आल्या, हातातली ईसीजीची पट्टी बघितली आणि काही न बोलता माझं मनगट धरलं. पट्टीवरचे सुळके रुंद होते आणि त्यांच्यामधलं अंतर दर वेळी वेगळं. बाईंनी शॉकचं यंत्र ओढून घेतलं. तो मुलगा वाचला. माझं मनगट मात्र अजून ती पकड विसरलेलं नाही.

काय होणार होतं? कधीकधी वरच्या कप्प्यांत वीज पार सैरभैर होते, मिनिटाला साडेतीनशे-चारशे आणि त्याहून अधिक लाटा. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. साध्या हृदयात दारावरचा माणूस त्यातल्या मोजक्याच खाली सोडतो, म्हणून खालचे कप्पे वाचतात. चोरवाट असेल तर तिथे गाळणी नाही. आणि अशा वेळी दारच बंद करणारं औषध दिलं तर सगळा लोंढा चोरवाटेने खाली येऊ शकतो. खालचे कप्पे नुसते थरथरायला लागले की रक्त पुढे जात नाही आणि माणूस काही मिनिटांत जातो. हे विरळ आहे. धडधडीचा त्रास असलेल्यांनी काहीच केलं नाही तर उभ्या आयुष्याचा मिळून धोका तीन-चार टक्के, असा अंदाज सांगतात. तीन-चार टक्के म्हणजे थोडे वाटतात. एकवीस वर्षांच्या मुलासाठी, तेही सुटणारी गोष्ट असताना, मला ते थोडे वाटत नाहीत.

म्हणून डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर एवढं लिहून घ्या आणि मुलाच्या पाकिटात ठेवा: 'डब्ल्यूपीडब्ल्यू आहे. ठोके बेताल आणि क्यूआरएस रुंद असल्यास व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, अ‍ॅडेनोसिन देऊ नये.' रात्री दोन वाजता अनोळखी गावातल्या तरुण डॉक्टरला हा कागद फार उपयोगी पडतो. मला पडला असता.

आता 'जाळणं', डॉक्टरांच्या भाषेत ॲब्लेशन. हा शब्द ऐकून तुमच्या पायातलं बळ गेलं, ते साहजिक आहे. आम्ही डॉक्टरही शब्द निवडताना कधीकधी फार कंजूष असतो. १९६८ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात विल सीली या शल्यविशारदांनी उत्तर कॅरोलायनातल्या एका कोळ्याची अशीच चोरवाट पहिल्यांदा कापून बंद केली, तेव्हा छाती उघडावी लागली होती. आता छातीला हात लावत नाहीत. १९९०च्या आसपासपासून हे काम तारेने होतं.

मुलाला उपाशीपोटी कॅथ लॅबमध्ये नेतील. जांघेत भुलीचं इंजेक्शन देतील, गुंगीचं थोडं औषध वेगळं. मग मांडीच्या शिरेतून उदबत्तीच्या काडीएवढ्या जाडीच्या मऊ तारा हृदयापर्यंत सरकवतील. त्या तारांच्या टोकाने आतून वीज वाचता येते, म्हणजे चोरवाट नेमकी कुठे आहे ते कळतं. याला ईपी स्टडी म्हणतात. निम्म्याहून अधिक जणांची वाट हृदयाच्या डाव्या अंगाला असते. तिथे पोचायला दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक टोचून पलीकडे जावं लागतं किंवा धमनीतून उलटं यावं लागतं, तेवढाच फरक. तपासणीत मुद्दाम धडधड सुरू करून बघतात. मुलाला आधीच सांगा, नाहीतर तो टेबलावर घाबरेल. त्याला ओळखीची वाटेल. जागा सापडली की तारेचं टोक तिथे टेकवून रेडिओलहरींनी काही सेकंद ऊब देतात. ऊब म्हणजे ५०-६० अंश सेल्सियस, आगडोंब नव्हे. चार-पाच मिलिमीटरचा ठिपका तेवढा निकामी होतो. आणि मग पडद्यावर बघण्यासारखं असतं: एक ठोका तिरप्या चढाचा, दुसरा तिरप्या चढाचा, आणि तिसऱ्याला तो चढ गायब. शंभर वेळा पाहिलं तरी लॅबमधली माणसं त्या क्षणी एकमेकांकडे बघतात.

यश साधारण ९५ टक्क्यांच्या घरात. काहींना वाट पुन्हा जागी झाल्याने दुसऱ्यांदा करावं लागतं. गंभीर गुंतागुंत शंभरात एखाद-दुसरीच: शिरेत रक्त साकळणं, हृदयाभोवती रक्त जमणं, आणि चोरवाट दाराला अगदी खेटून असेल तर दारालाच इजा होऊन पेसमेकर लागणं. म्हणून तुम्ही डॉक्टरांना एकच प्रश्न नक्की विचारा: वाट हिसच्या जुडग्यापासून किती लांब आहे? जवळ असेल तर काही ठिकाणी उष्णतेऐवजी गोठवण्याची पद्धत वापरतात. तिथे आधी नुसतं गार करून बघता येतं आणि दार डगमगलं तर हात मागे घेता येतो. फारच खेटून असेल तर गोळ्यांवर राहू, असंही एखादा चांगला डॉक्टर म्हणेल, आणि तो भित्रा नसतो. नंतर चार-सहा तास पाय न वाकवता पडून राहायचं, बहुतेकांना दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. टाके जवळपास नसतातच. खर्चाचं म्हणाल, तर रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो का ते पाहा आणि रेशनकार्ड, आधार घेऊन त्यालाच आधी भेटा. ॲडमिट झाल्यावर नव्हे, आधी.

सासऱ्यांचं वेगळं आहे. त्यांच्या वयात ठोके बेताल होतात आणि रक्त पातळ व्हायची गोळी लागते, ते बहुतेक एट्रियल फिब्रिलेशनच असणार. त्याच्यामागेही अनेकदा स्नायूचा आगाऊपणाच असतो, पण जागा निराळी. फुप्फुसाकडून रक्त आणणाऱ्या शिरांवर हृदयाचा स्नायू थोडासा बाहीसारखा चढलेला असतो. तो आपल्या सगळ्यांतच असतो, आणि काहींमध्ये तिथूनच ठिणग्या उडतात. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हैसागेर यांच्या चमूने ४५ रुग्णांत दाखवलं की अशा ठिणग्यांच्या ६९ पैकी ६५ जागा या शिरांतच आहेत. तेव्हा आजोबांचं नातवाला आलं असं नाही. त्यांची गोळी परस्पर बंद करू नका, एवढंच.

घराण्यात चालणारा एक दुर्मीळ प्रकार आहे खरा. त्यात हृदयाचा स्नायू जाड होतो आणि चोरवाटही असते. आणि उजव्या बाजूची झडप जन्मतः खाली सरकलेली असलेल्या, एब्स्टाइन नावाच्या दोषातही या वाटा बऱ्यापैकी सापडतात. इको त्यासाठीच काढतात. तुमचा नॉर्मल आहे. धाकट्या भावंडांना काही त्रास होत असेल तरच ईसीजी काढा.

जाऊबाईंना सांगा, फॉल्स टेंडन म्हणजे खालच्या कप्प्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेली दोरी. घरात कपडे वाळत घालायला बांधतो तशी. पुष्कळांच्या हृदयात असते आणि बहुधा काही करत नाही. इको करणाऱ्याला दिसली म्हणून त्याने लिहिली. त्रास नसेल तर तो कागद कपाटात ठेवावा आणि चहा करावा.

राहिली भरती. इथे मी मुलाच्या बाजूने नाही. बारावीपासून चार-पाच वेळा झालंय, त्यातली ही शेवटची पळताना. ईपी स्टडी होईपर्यंत त्याने शर्यतीच्या जोराने पळू नये, एकट्याने तर मुळीच नको. विहिरीत, कालव्यात पोहायला नको, पाण्यात भोवळ आली तर कोण काढणार? चालावं, हलके व्यायाम करावेत. त्याला वाटतंय की सांगितलं तर बाद होईन. पण न सांगता मैदानावर उतरला आणि तिसऱ्या फेरीला पुन्हा तेच झालं, तर तिथे बाद होईलच. शिवाय वैद्यकीय तपासणीत ईसीजी निघाला तर डेल्टा वेव्ह लपत नाही. ॲब्लेशन नीट झालं की बहुतेक मुलं काही आठवड्यांत, डॉक्टरांच्या परवानगीने, पुन्हा पळायला लागतात. जांघेतली जखम भरायला आठवडा जातो, मग हळूहळू वेग वाढवायचा. आधीचा ईसीजी, नंतरचा ईसीजी, डिस्चार्ज कार्ड आणि 'वाट बंद झाली' असं लिहिलेला अहवाल, एवढी फाइल हातात असली की तपासणीच्या डॉक्टरांसमोर बोलायला काहीतरी असतं. निकाल त्यांचा, त्याची हमी मी देऊ शकत नाही. पण भरती आणि उपचार यांत क्रम लावायचा तर उपचार आधी. तो ऐकत नसेल तर हे पत्र त्याच्या मोबाइलवर पाठवा. आईचं ऐकत नाहीत ती पोरं कधीकधी छापलेलं ऐकतात.

आणि एक काम आजच करा. तालुक्याच्या दवाखान्यातला ईसीजी बहुधा थर्मल कागदावर आहे. तो उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत राहिला की काही महिन्यांत पुसट होतो. त्याच्या दोन झेरॉक्स काढा, फोनमध्ये उजेडात सरळ धरून फोटो घ्या. लॅमिनेशन करू नका, यंत्राच्या उष्णतेने तो कागद पूर्ण काळा पडतो.